मधुमेहाचे आकडे, डॉक्टरांचे गुण आणि आजारी माणूस : उद्दिष्ट कधी उलटते?



आजचा पाठ आरोग्याचा आहे, पण त्याचं मूळ गणितात आहे, आणि तेही प्राथमिक शाळेतल्या गणितात. शेकडेवारी काढताना अंश वर, छेद खाली, एवढं आपण सगळेच शिकवतो. पण हा छेद कुणी ठरवला, त्यात कोण धरलं गेलं आणि कोण गाळलं गेलं, हे आपण फारसं विचारत नाही. मधुमेह, रक्तदाब अशा आजारांत या एका प्रश्नावर कुणाची तरी तब्येत, प्रसंगी जीवही अवलंबून असतो. कसं ते पाहूया.

दीर्घकालीन आजार आणि मोजमाप

सर्दी होते, चार दिवसांनी बरी होते. औषध लागू पडलं की नाही हे आपलं आपल्याला कळतं. मधुमेह, उच्च रक्तदाब, दमा, हृदयविकार यांचं तसं नसतं. हे आजार बहुधा कायमचे जात नाहीत, ते वर्षानुवर्षे सांभाळावे लागतात. शिवाय बराच काळ काही दुखत-खुपत नाही. साखर वाढलेली असते आणि माणूस शेतात काम करत असतो, लग्नात जेवत असतो. आतल्या आत मात्र डोळे, मूत्रपिंड, पायांच्या नसा खराब होत जातात. म्हणून अशा आजारांत आकडा लागतोच. आकड्याशिवाय रुग्णालाही कळत नाही आणि डॉक्टरलाही.

मधुमेहातला सर्वांत महत्त्वाचा आकडा म्हणजे एचबीए१सी, ज्याला लोक 'तीन महिन्यांची शुगर' म्हणतात. रक्तातल्या तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन असतं. रक्तात साखर जितकी जास्त, तितकी ती हिमोग्लोबिनला जास्त चिकटते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. त्यामुळे किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे हे मोजलं की मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी समजते. हा आकडा ५.७ टक्क्यांच्या खाली असेल तर सामान्य, आणि ६.५ किंवा त्याहून जास्त असेल तर मधुमेह समजतात. ७ टक्के म्हणजे सरासरी साखर साधारण १५४.

या आकड्यावर डॉक्टरांचा विश्वास उगाच बसलेला नाही. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासाने टाइप १ मधुमेहात आणि १९९८ साली ब्रिटनमधल्या अभ्यासाने टाइप २ मधुमेहात दाखवून दिलं की साखर नीट आटोक्यात ठेवली तर डोळे आणि मूत्रपिंड यांचं नुकसान कमी होतं. ब्रिटनच्या अभ्यासात नव्याने निदान झालेले ३,८६७ रुग्ण होते. एका गटाचा एचबीए१सी सुमारे ७ आणि दुसऱ्याचा सुमारे ७.९ राहिला. कमी आकड्याच्या गटात बारीक रक्तवाहिन्यांशी संबंधित त्रास २५ टक्क्यांनी कमी झाले.

इथपर्यंत सगळं चांगलंच आहे. आकडा खरा, उपयोग खरा. गुंता होतो तो याच्या पुढच्या पायरीवर, म्हणजे आकड्याला गुण आणि पैसे जोडले जातात तेव्हा.

इंग्लंडमधला मोठा प्रयोग

ब्रिटनमध्ये नॅशनल हेल्थ सर्व्हिस ही सरकारी आरोग्यसेवा आहे. तिथे प्रत्येक माणसाचं नाव एखाद्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात नोंदलेलं असतं. एप्रिल २००४ मध्ये तिथे 'क्वालिटी अँड आउटकम्स फ्रेमवर्क' नावाची योजना सुरू झाली. एकूण १४६ निकष, १० दीर्घकालीन आजार आणि १,०५० गुण. जितके गुण जास्त, तितके दवाखान्याला पैसे जास्त. दवाखान्याच्या उत्पन्नाचा जवळजवळ चौथा हिस्सा या गुणांवर ठरू लागला. डॉक्टरांच्या कामाला इतक्या मोठ्या प्रमाणात गुण आणि पैसे जोडण्याचा हा जगातला फार धाडसी प्रयोग होता.

निकष कसे होते बघा. मधुमेहाच्या रुग्णांपैकी किती जणांचा एचबीए१सी तपासला? किती जणांचा ७.४ किंवा त्याहून कमी आहे? किती जणांचा १० किंवा त्याहून कमी आहे? रक्तदाबाच्या रुग्णांपैकी किती जणांचा दाब १५०/९० किंवा त्याहून कमी आहे?

या योजनेचा फायदा झाला, हे आधी नीट सांगायला हवं. दवाखान्यांनी रुग्णांच्या याद्या व्यवस्थित केल्या. जे रुग्ण दोन-दोन वर्षं फिरकत नव्हते त्यांना पत्रं गेली, तपासण्या वेळेवर होऊ लागल्या. पहिल्याच वर्षी दवाखान्यांची मध्यक कामगिरी ८३.४ टक्के निघाली. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे, श्रीमंत आणि गरीब वस्त्यांमधल्या दवाखान्यांच्या कामगिरीतला फरक तीन वर्षांत ४ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आला. म्हणजे मोजमाप वाईटच असतं असं म्हणून हा विषय झटकून टाकता येणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग अडचण कुठे आली? चार ठिकाणी आली.

१) रेषेच्या जवळचे आणि रेषेपासून दूरचे

समजा, एका रुग्णाचा एचबीए१सी ७.५ होता तो ७.४ झाला. दुसऱ्या रुग्णाचा ९.८ होता तो ८.२ झाला. शरीराला जास्त फायदा कुणाला? अर्थातच दुसऱ्याला. पण २००४ च्या निकषांत रेषा दोनच होत्या, ७.४ आणि १०. पहिल्या रुग्णाने रेषा ओलांडली, तो मोजला गेला. दुसरा दहाच्या आत आधीही होता आणि नंतरही राहिला, पण ७.४ पर्यंत पोचला नाही. त्याची एवढी मोठी सुधारणा हिशेबात दिसलीच नाही.

आपल्या वर्गात ३५ गुणांच्या रेषेचं काय होतं ते आठवा. ३३ गुणांच्या मुलाला सगळे शिकवतात. ८ वरून २२ वर आलेल्या मुलाची मेहनत निकालपत्रकात 'अप्रगत' या एकाच शब्दात बुडून जाते.

रक्तदाबाच्या नोंदींतही रेषेचा परिणाम दिसला. योजना आल्यानंतर १५० च्या थोडंसं खाली असणाऱ्या आकड्यांची गर्दी वाढलेली संशोधकांना आढळली. यात प्रत्येक वेळी लबाडी असते असं नाही. पहिल्यांदा १५४ आला तर नर्स म्हणते, "बसा थोडा वेळ, पुन्हा बघू." दुसऱ्यांदा १४८ आला की तो लिहिला जातो. पुन्हा मोजणं चूक नाही, ते चांगलंच आहे. पण पहिल्यांदाच १४८ आलेल्याला कुणी "पुन्हा बघू" म्हणत नाही! चूक एकाच दिशेने दुरुस्त होते.

२) जे मोजलं नाही ते मागे पडलं

२००९ साली इंग्लंडमधल्या ४२ दवाखान्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की योजना सुरू झाल्यावर मधुमेह आणि दम्याच्या उपचारांत सुधारणेचा वेग वाढला, पण उद्दिष्ट गाठल्यावर तो मंदावला. कारण सरळ आहे. ठरावीक टक्केवारी गाठली की पूर्ण गुण मिळत होते, त्यापुढचे रुग्ण सुधारले तरी जास्तीचा गुण नव्हता. आणि दमा व हृदयविकाराच्या उपचारांतल्या ज्या बाबींना गुण नव्हते, त्या बाबी घसरल्या.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. रुग्णाला दरवेळी आपलाच, ओळखीचा डॉक्टर भेटण्याचं प्रमाण कमी झालं. दीर्घकालीन आजारात ओळखीच्या डॉक्टरला फार किंमत असते. तो चेहरा बघून विचारतो, "काय हो, आज उतरलेले दिसता?" मग घरातलं कळतं, सुटलेली गोळी कळते, सुनेच्या आजारपणामुळे चुकलेलं जेवण कळतं. या प्रश्नाला गुण नव्हता. संगणकावर रकाने भरायचे होते आणि वेळ तेवढाच होता. रुग्ण आपल्या मनातलं सांगायला आलेला असे आणि समोरून त्याला धूम्रपानाच्या रकान्यातला प्रश्न येई.

३) छेदातून गाळलेले रुग्ण

आता आपल्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. या योजनेत दवाखान्याला काही रुग्ण हिशेबातून वगळायची मुभा होती. तीनदा बोलावूनही जो आला नाही, ज्याला औषध सोसत नाही, जो फार थकलेला आहे, जो स्वतःच उपचार नको म्हणतो, असे रुग्ण. पहिल्या वर्षी दवाखान्यांनी मध्यक ६ टक्के रुग्ण वगळले. काही थोड्या दवाखान्यांनी मात्र १५ टक्क्यांहून जास्त रुग्ण वगळले.

हे उदाहरण फळ्यावर मांडून बघा. एका दवाखान्यात १०० मधुमेही आहेत. ७० जणांची साखर आटोक्यात आहे, २० जणांची नाही, आणि १० जण आलेच नाहीत. सगळे धरले तर ७० भागिले १०० म्हणजे ७० टक्के. न आलेले दहा वगळले तर ७० भागिले ९० म्हणजे जवळजवळ ७८ टक्के. एकाही रुग्णाची साखर कमी झाली नाही, तरी कामगिरी ८ टक्क्यांनी सुधारली!

आणि ते दहा जण कोण असतात? रोजगार बुडेल म्हणून न येणारा, बस चुकलेली म्हातारी, दारूच्या आहारी गेलेला, मनाने खचलेला. म्हणजे ज्यांना दवाखान्याची सर्वांत जास्त गरज, तेच. त्यांना शोधायला वेळ लागतो, वगळायला एक रकाना पुरतो.

पण थांबा. ही मुभा काढून टाकावी का? तर तेही इतकं सोपं नाही. ज्या ८५ वर्षांच्या आजोबांना जास्त औषध दिल्याने इजा होईल, त्यांना वगळता आलं नाही तर डॉक्टर गुणांसाठी त्यांचीही साखर खाली ओढायला जाईल. एकच दार आहे. त्यातून आजोबांचा बचावही होतो आणि गरजू रुग्ण नजरेआडही जातो. म्हणून 'किती वगळले' एवढं विचारून भागत नाही, 'का वगळले' हे विचारावं लागतं.

४) आकडा सुधारला, माणूस बिघडला

सर्वांत गंभीर मुद्दा हा आहे.

अमेरिका आणि कॅनडात 'अॅकॉर्ड' नावाचा मोठा अभ्यास झाला. टाइप २ मधुमेह असलेले १०,२५१ रुग्ण, सरासरी वय ६२, आणि हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका जास्त असलेले. एका गटात एचबीए१सी ६ च्याही खाली आणायचं ठरलं. दुसऱ्या गटात ७ ते ७.९ च्या दरम्यान ठेवायचं ठरलं. सगळ्यांना वाटत होतं की पहिल्या गटाचा फायदा होईल. झालं उलटं. पहिल्या गटात २५७ मृत्यू झाले, दुसऱ्यात २०३. दोन्ही गट जवळपास सारखेच होते, प्रत्येकी पाच हजारांहून थोडे जास्त. फेब्रुवारी २००८ मध्ये पहिल्या गटातले कडक उपचार मुदतीआधीच थांबवावे लागले. त्याच सुमारास झालेल्या दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात कडक उपचाराने मृत्यू वाढलेले दिसले नाहीत, हेही खरं. पण सर्व अभ्यासांतून एक गोष्ट पक्की झाली. जितकी कडक पकड, तितकी शुगर लो होण्याची शक्यता जास्त.

शुगर लो होणं म्हणजे साखर ७० च्या खाली जाणं. घाम येतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, डोकं चालेनासं होतं. फार खाली गेली तर माणूस बेशुद्ध पडतो. इन्सुलिन आणि काही जुन्या गोळ्यांनी हे होऊ शकतं. तरुण माणूस साखरेचा खडा तोंडात टाकून सावरतो. पण समजा, ७८ वर्षांची आजी आहे, एकटी राहते, मूत्रपिंड थोडं अशक्त आहे आणि एकादशीच्या दिवशी नेहमीच्याच गोळ्या घेऊन उपाशी राहिली. रात्री उठताना तोल गेला, खुब्याचं हाड मोडलं. तिच्या फाइलवर मात्र एचबीए१सी ६.४ आहे, म्हणजे उत्तम! रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो असा.

इथे सरासरीचाही एक धडा आहे. एका रुग्णाची साखर दिवसभर १३० ते १७० च्या मध्ये असते. दुसऱ्याची कधी ५०, कधी २६०. दोघांचा एचबीए१सी सारखाच येऊ शकतो. वर्गाची सरासरी ६० आहे म्हणून सगळी मुलं ६० च्या आसपास आहेत असं आपण समजत नाही ना? तसंच हे.

आता गंमत नव्हे, पण विचार करण्यासारखी गोष्ट बघा. अॅकॉर्डचा निकाल २००८ साली आला. तरी २००९ साली इंग्लंडच्या योजनेत एचबीए१सीची सर्वांत कडक रेषा आणखी खाली, ७ वर आणली गेली. अनेक डॉक्टरांनी त्यावर टीका केली. २०११ साली ती पुन्हा ७.५ केली. म्हणजे मधली दोन वर्षं, ज्या रुग्णांना सैल हाताने सांभाळायला हवं होतं त्यांच्याही बाबतीत, गुण कडक पकडीला मिळत होते.

मग त्यांनी काय केलं?

मोजणं बंद केलं नाही, निदान इंग्लंडने तरी नाही. स्कॉटलंडने २०१६ साली ही योजना सोडून दिली. इंग्लंडने निकष बदलले. २०१९ पासून मधुमेहाचे रुग्ण दोन गटांत विभागले. जे तसे धडधाकट आहेत त्यांच्यासाठी ७.५ ची रेषा, आणि जे वयाने किंवा आजारपणाने खचलेले आहेत त्यांच्यासाठी ९ ची. या बदलाने थकलेल्या आजोबांना वगळायची गरज कमी झाली, कारण त्यांच्यासाठीही योग्य असं उद्दिष्ट ठरलं. ते छेदात राहिले, पण त्यांच्यावर बळजबरी राहिली नाही.

प्रत्येक बदल असा शहाणपणाचा होता असंही नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये इंग्लंडमध्ये स्मृतिभ्रंशाच्या यादीत वाढलेल्या प्रत्येक रुग्णामागे दवाखान्याला ५५ पौंड द्यायचं ठरलं. हेतू चांगला होता, निदान न झालेले रुग्ण पुढे यावेत. पण लोकांनी विचारलं, डॉक्टर मला 'तुम्हाला विसरण्याचा आजार आहे' असं सांगतात ते माझ्यासाठी की ५५ पौंडांसाठी? ही योजना सहा महिन्यांची होती, मार्च २०१५ अखेर ती संपली. पैशाचा हिशेब चुकला तर दुरुस्त करता येतो. डॉक्टरवरचा विश्वास एकदा डळमळला की तो परत बसायला फार काळ लागतो.

या सगळ्याला एक नियमही आहे. १९७५ साली चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने पैशाच्या धोरणाबद्दल तो मांडला. सोप्या भाषेत सांगायचं तर, एखाद्या मापाला उद्दिष्ट बनवलं की ते चांगलं माप राहत नाही. काठीने विहिरीचं पाणी मोजतात. 'काठी ओली दिसली पाहिजे' असा हुकूम सुटला तर लोक काठी ओली करून ठेवतील, विहिरीकडे कोण बघणार?

आपल्याकडे याचा काय संबंध?

आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यात असे एचबीए१सीचे गुण आणि त्यावर पैसे, अशी पद्धत नाही. पण मोजदाद आपल्याकडेही आहे. असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. आशाताई ३० वर्षांवरील लोकांचे सीबॅक फॉर्म भरतात, उपकेंद्रात रक्तदाब आणि साखर तपासली जाते. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने २०२५ पर्यंत रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या ७.५ कोटी लोकांना प्रमाणित उपचारांखाली आणण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं. उद्दिष्ट मोठं आणि गरजेचं आहे. पण आपण शिकलेला प्रश्न इथे लावून बघा. नाव नोंदलं गेलं म्हणजे उपचार सुरू झाले का? उपचार सुरू झाले म्हणजे ते टिकले का? आणि टिकले म्हणजे आजार आटोक्यात आला का? या तीन वेगळ्या संख्या आहेत. अहवालात त्यांपैकी कोणती लिहिली आहे ते बघावं लागतं, नाहीतर नुसते कागदी घोडे नाचतील.

चांगलं उदाहरणही आपल्याकडेच आहे. २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. त्यात दर तिमाहीला किती नोंदणीकृत रुग्णांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली आहे हे पाहतात. आणि जो रुग्ण आलाच नाही, त्याला हिशेबातून काढत नाहीत. तो छेदात राहतो आणि 'आला नाही' असा वेगळा दिसतो. त्यामुळे टक्केवारी कमी दिसते, पण खरी दिसते. शिवाय कुणाच्या घरी जायचं हे आरोग्यसेविकेला त्या यादीतूनच कळतं. तेच गणित, तेच दहा रुग्ण. वर ते गाळले गेले होते, इथे ते शोधले जातात.

एक खास आपल्या भागातली गोष्टही लक्षात ठेवायला हवी. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भातल्या इतर काही भागांत सिकलसेल आजाराचे रुग्ण आहेत. या आजारात तांबड्या पेशी १२० दिवस जगत नाहीत, लवकर नष्ट होतात. त्यांना साखर चिकटायला पुरेसा वेळच मिळत नाही, त्यामुळे एचबीए१सी खोटा कमी दिसू शकतो. उलट लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या अॅनिमियात, जो आपल्याकडच्या कितीतरी महिलांमध्ये असतो, तो थोडा जास्त दिसू शकतो. आकडा यंत्राने बरोबर काढलेला असतो. पण तो ज्या गृहीतावर उभा आहे ते गृहीत त्या शरीरात लागू नसतं. अशा वेळी डॉक्टर रोजच्या साखरेच्या नोंदी किंवा दुसऱ्या तपासण्यांचा आधार घेतात.

घरात याचा उपयोग कसा करायचा?

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी मधुमेहाचं किंवा बीपीचं कुणी ना कुणी आहे. पुढच्या वेळी त्यांच्यासोबत दवाखान्यात जाल तेव्हा हे प्रश्न सोबत न्या.

• यांच्या वयाला आणि तब्येतीला कोणता एचबीए१सी योग्य? (तरुण मुलाचं उद्दिष्ट आजीला लावू नये.)
• यांच्या गोळ्यांनी शुगर लो होऊ शकते का? उपवासाच्या दिवशी काय करायचं?
• अॅनिमिया किंवा सिकलसेल असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगितलं आहे का?
• मागच्या महिन्यात घाम, थरथर, चक्कर असं काही झालं का? रिपोर्टमध्ये हे येत नाही, आपणच सांगायचं असतं.

आणि एक महत्त्वाचं. हा पाठ वाचून कुणीही स्वतःहून गोळी कमी-जास्त करू नये किंवा बंद करू नये. बहुतेक लोकांना आजही साखर जास्त असण्याचाच धोका मोठा आहे. आकडा पाहायचाच, पण आकड्यासोबत माणूसही पाहायचा.

स्वाध्याय

१) एका गावात रक्तदाबाचे २०० नोंदणीकृत रुग्ण आहेत. तिमाहीत १५० जण आले, त्यांपैकी ९० जणांचा दाब आटोक्यात होता. (अ) आलेल्यांपैकी किती टक्के? (आ) नोंदणीकृतांपैकी किती टक्के? (इ) फलकावर कोणता आकडा लिहाल आणि का?

२) अॅकॉर्ड अभ्यासात पहिल्या गटात ५,१२८ पैकी २५७ आणि दुसऱ्या गटात ५,१२३ पैकी २०३ मृत्यू झाले. दोन्ही गटांची शेकडेवारी काढा. दोन संख्यांतला फरक लहान वाटतो का? मग उपचार मुदतीआधी का थांबवले असतील?

३) तुमच्या शाळेत मोजली जाणारी एखादी गोष्ट घ्या, उदाहरणार्थ उपस्थिती किंवा वाचनाचा वेग. ती वाढवण्यासाठी खरा मार्ग कोणता आणि पळवाट कोणती ते दोन रकान्यांत लिहा. त्या हिशेबात कोणतं मूल दिसत नाही, त्याचं नाव मनातल्या मनात घ्या.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर : (अ) ६० टक्के, (आ) ४५ टक्के. (इ) चं उत्तर वर्गातल्या मुलांना विचारा. त्यांना विचारायला विसरू नका की न आलेल्या ५० जणांकडे कोण जाणार.

पाठ आवडला तर आपल्या शिक्षक मित्रांना आणि घरात मधुमेही असलेल्या सर्वांना जरूर वाचायला द्या.